क्रोममधला फोन हा फोन नव्हे

वेबसाइट बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक मत सर्रास मांडले जाते. पान फोनवर कसे दिसेल हे तपासायला क्रोमच्या डेव्हटूल्समधला (वेबसाइट बांधणाऱ्यांसाठीच्या साधनांमधला) डिव्हाइस मोड, म्हणजे लॅपटॉपवरच फोनचा आभास देणारी सोय, पुरेसा आहे. व्हीटसारखी साधने कोड बदलताच पान आपोआप ताजे करत असताना चार फोन टेबलावर मांडून ब्राउझरसिंकने (एका पडद्यावरची कृती बाकीच्या पडद्यांवरही करणाऱ्या साधनाने) ते एकदम चालवण्याचे दिवस गेले. शिवाय एवढे फोन घ्यायला पैसे कोणाकडे आहेत? या तीन दाव्यांपैकी मधला निम्मा खरा आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीचे दोन खपून जातात.

डिव्हाइस मोडमध्ये ‘आयफोन’ निवडला की क्रोम खिडकीचे माप बदलते, सर्व्हरला आपली ओळख आयफोन म्हणून सांगते आणि माउसच्या क्लिकला बोटाचा स्पर्श मानते. पान रेखाटणारे इंजिन मात्र ब्लिंकच राहते. हे इंजिन गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळे काढले. आयफोनवरची सफारी वेबकिटवरच चालते. हा मोड म्हणजे केवळ पहिला ढोबळ अंदाज आहे, असे क्रोमची स्वतःची माहितीपुस्तिकाही सांगते.

एका नोंदणी अर्जाच्या पानावर मला याचा प्रत्यय आला. पानाची उंची १००व्हीएच (म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीएवढी) दिली होती आणि ‘पुढे’ हे बटण तळाशी होते. लॅपटॉपवरच्या नकली आयफोनमध्ये ते स्वच्छ दिसे, खऱ्या आयफोनवर सफारीच्या तळच्या पट्टीखाली अर्धे दडे, कारण सफारी ही उंची पट्टी आक्रसलेली आहे असे धरून मोजते. (२०२२ मध्ये सफारीत आलेल्या, पट्टीप्रमाणे बदलणाऱ्या डीव्हीएच या एककाने ते दुरुस्त झाले.) त्याच अर्जातल्या रकान्यांचा फाँट १४ पिक्सेल होता. सोळापेक्षा लहान अक्षराच्या रकान्यात बोट ठेवले की आयफोन पान मोठे करतो आणि उजवी कड पडद्याबाहेर जाते. डिव्हाइस मोडमध्ये यातले काही घडत नाही.

मराठी पान असेल तर आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वेबफाँट (पानासोबत पाठवलेला फाँट) दिला नसेल तर अक्षरे त्या त्या यंत्रातल्या फाँटमध्ये उमटतात: विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अनेक अँड्रॉइड फोनांवर नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर. डिव्हाइस मोड मात्र लॅपटॉपचाच फाँट वापरतो. त्यामुळे तिथे एका ओळीत बसलेला मथळा फोनवर दोन ओळींत मोडू शकतो, आणि ओळींची उंची घट्ट ठेवून बाहेर जाणारा भाग झाकला असेल तर कुठे वेलांटीचा माथा छाटला जातो, कुठे उकार. चार पडदे शेजारी ठेवून एकदम खाली सरकवले की हे शोधावे लागत नाही, दिसतेच.

आता व्हीट. त्याला नेटवर्कवर खुले केले की जोडलेल्या प्रत्येक फोनवर बदल लगेच उमटतो, हे अगदी खरे. केवळ तेवढ्यासाठी ब्राउझरसिंक बसवण्याची गरज नाही. पण पान ताजे होणे आणि कृती प्रतिबिंबित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपवर रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ टाइप केले की तेच नाव सगळ्या फोनांवर भरले जाणे, किंवा पान निम्मे सरकवल्यावर वेगवेगळ्या उंचीच्या पडद्यांवरही ते त्याच प्रमाणात सरकणे, हे काम व्हीट करत नाही, ब्राउझरसिंक करते.

अर्थात ब्राउझरसिंकच्या भक्तांनीही हुरळून जाऊ नये. कोणत्या घटकावर क्लिक झाले हे ते टॅगचे नाव आणि पानातला त्याचा क्रमांक यांवरून ओळखते. म्हणून फोनसाठी मेनूची रचनाच वेगळी असेल तर क्लिक भलत्या बटणावर पडू शकते. नाव सगळीकडे भरले जाते, पण कीबोर्ड कुठेच उघडत नाही, त्यामुळे वर सांगितलेला १४ पिक्सेलचा दोष त्या वाटेने सापडलाच नसता. तो आयफोनवर स्वतः बोट ठेवल्यावर सापडला. शिवाय लोकलहोस्टला (लॅपटॉप स्वतःसाठी वापरतो त्या पत्त्याला) ब्राउझर सुरक्षित मानतो, फोन ज्यावरून लॅपटॉपपर्यंत पोहोचतो त्या १९२.१६८ने सुरू होणाऱ्या साध्या एचटीटीपी पत्त्याला मानत नाही. लॅपटॉपवर चालणारे ‘माझे ठिकाण शोधा’ फोनवर मुके झाले तर कोडमध्ये चूक शोधण्याआधी एचटीटीपीएस (एचटीटीपीचे सुरक्षित रूप) सुरू करून पाहावे.

राहिला पैशाचा प्रश्न. ब्राउझरसिंक फुकट आहे आणि दहा फोन कोणी मागत नाही. घरातला जुना, कमी रॅमचा अँड्रॉइड आणि सहकाऱ्याकडून तासभर मागून घेतलेला आयफोन एवढ्यावर बहुतेक काम भागते. तेही जमत नसेल तर २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा दूरचे खरे फोन भाड्याने देतात. फक्त फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असू द्यावेत, आणि ते पाहुण्यांसाठीचे वायफाय नसावे, कारण तिथे बहुधा एका यंत्राला दुसरे दिसूच दिले जात नाही.