वांगं सोडलं, बटाटा सोडला, दुखणं काय सोडेना

आज परत भाचीचा मेसेज आला, "आत्या, फायब्रोमायल्जिया २१ दिवसांत मुळापासून बरा", खाली कसल्यातरी काढ्याचा फोटो आणि काय खाऊ नये याची ही भली मोठी यादी. फायब्रोमायल्जिया म्हणजे हे माझं अंगभराचं दुखणं. पोरगी गुणी आहे, प्रेमानेच पाठवते, पण म्हटलं आज एकदाचं लिहूनच टाकावं, कारण तसली यादी मी अख्खं वर्षभर पाळलीय.

चार वर्षांपूर्वी मान-खांद्यापासून सुरू झालं आणि हळूहळू अंगभर पसरलं. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखं, ब्लाऊजची शिवण खांद्याला सहन होईना, लेकाने मागून येऊन पाठीवर हात ठेवला तरी कळ जायची. आणि रिपोर्ट? सीबीसी, ईएसआर, थायरॉइड, आरए फॅक्टर सगळं नॉर्मल, फक्त डी व्हिटॅमिन कमी, ते गोळ्या घेऊन भरून काढलं तरी दुखणं आपलं होतं तिथंच. "रिपोर्ट क्लिअर आहेत ताई, टेन्शन घेऊ नका." एका डॉक्टरांनी तर मी समोर बसलेली असताना नवऱ्याला विचारलं, घरात काही भांडणं वगैरे आहेत का. (नव्हती. त्या दिवशी घरी आल्यावर झाली.)

शेवटी संधिवाताच्या डॉक्टर बाई भेटल्या. माणसाच्या चित्रावर कुठं कुठं दुखतं त्या खुणा करायला लावल्या, झोप कशी, उठल्यावर ताजं वाटतं का, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत असं होतं का, सगळं विचारलं आणि मग आजाराचं नाव सांगितलं. पूर्वी अंगावरचे ठरलेले १८ पॉइंट दाबून बघायचे आणि ११ दुखले तर फायब्रो असा १९९० चा नियम होता, २०१० च्या नव्या निकषांत ते दाबणं गेलं. सांधे झिजलेले नाहीत, स्नायूंना इजा नाही, पण दुखतंय ते खरं आहे, म्हणाल्या दारावरची बेल अडकून बसावी तसं झालंय, बाहेर कुणी नसलं तरी वाजतच राहते. रात्रीची एक गोळी दिली, ती मूळची डिप्रेशनची पण दुखण्यावरही चालते. घरी कुणीतरी गोळीचं नाव गूगल केलं आणि झालं, "म्हणजे मनाचंच की!" असो. गोळी मी अजून घेते, आपल्या मनाने बंद केलेली नाही.

आता खाण्याचं. आधी वातूळ म्हणून वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ गेली. मग आंबट गेलं, दही गेलं. मग योगा क्लासमधल्या एकीने ग्लूटेन सांगितलं म्हणून गहू गेला, मग दूध, आणि शेवटी मटण. कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा बंद म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रविवारी सगळे वाट्याच्या वाट्या रिचवतायत आणि माझ्या ताटात दुधी, तोही बिनमसाल्याचा. वजन सहा किलो उतरलं, सगळ्या म्हणायच्या किती छान दिसतेस गं, आणि मला दोन जिने चढवत नव्हते. हिमोग्लोबिन साडेनऊ. डॉक्टर बाई चिडल्याच, म्हणाल्या या आजारासाठी म्हणून अमुकच डाएट असं काही सिद्ध झालेलं नाही, तुम्ही नुसती उपासमार करून घेतलीय.

म्हणजे खाण्याचा काहीच संबंध नाही असंही नाही हां. माझ्यापुरतं सांगते. चहा पाच कप होता, शेवटचा संध्याकाळी सहाला, आता दुपारी तीननंतर चहा नाही. सकाळी चहा-खारीच्या ऐवजी अंडं नाहीतर मुगाचं धिरडं. रात्रीचं जेवण साडेसातला, आणि रात्री राजमा, छोले, कच्चा कांदा नाही, कारण पोट फुगलं की झोप नाही आणि झोप नाही की दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. ही झोपेची भानगड माझ्या डोक्यातली नाही, १९७५ साली कॅनडात धडधाकट माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडून बघितली होती, तर त्यांचंही अंग दुखायला लागलं. तुमचं पोट कशाने बिघडतं ते तुमचं तुम्ही बघा. माझी यादी पाळू नका, कृपा करून.

पण फरक पडला तो चालण्याने. आणि हे मी पटकन ऐकलं नव्हतं. आधी जोशात झुंबा लावला, तीन दिवस क्लासला गेले, आठ दिवस झोपून. मग फिजिओ म्हणाला रोज ५ मिनिटं चाला. ५ मिनिटं! मला काय नव्वदीची समजतो का हा? रंकाळ्यावर पहिल्या दिवशी तिसऱ्या बाकापर्यंत गेले आणि मागे वळले, पळणारी पोरं माझ्याकडे बघतायत असं उगीच वाटत होतं. दर आठवड्याला एकच मिनिट वाढवायचं, शिवाय सकाळी गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर खांदे, मान, पिंढऱ्या हलके ताणायच्या, बास. युरोपातल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली शिफारशी सुधारल्या तेव्हा सगळ्या उपचारांतून ठामपणे शिफारस केली ती एकट्या व्यायामाची, बाकी जे सुचवलं ते जमलं तर बघा या पातळीवर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर वांगं तरी वाचलं असतं.

सगळ्यात अवघड काय माहितीय का, चांगला दिवस. गेल्या दिवाळीत एक दिवस अंग इतकं हलकं होतं की मी दोन किलो भाजणीच्या चकल्या एकटीने काढल्या. सोऱ्या पिळताना उजवं मनगट सांगत होतं की आता बास, तर मी हात बदलला, आणि डावं बोलायला लागलं तेव्हा सोऱ्या पोटाशी धरून उरलेलं पीठ संपवलं. सासूबाई म्हणाल्या बघ, मनात आणलं की होतं. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायला सुद्धा उठता आलं नाही, तो बिचारा पलंगापाशी येऊन बसला आणि ताट लेकीने धरलं. फिजिओ म्हणाला वाईट दिवशी थोडं कमी करा पण चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त करू नका, आणि हे घरच्यांना समजावणं त्या ५ मिनिटांपेक्षा जड आहे, कारण त्यांना दिसतं की ही आज हसतेय, फिरतेय, मग चार पोळ्या जास्त लाटल्या तर काय बिघडलं.

सध्या २४ मिनिटं चालते. बरी झालेली नाही, पावसाळ्यात अजून दुखतं, पण सकाळी केस विंचरायला हात वर जातो. कणीक मशीनमध्ये मळते, भाकरी मात्र स्वतः थापते, दोनच. मटण परत सुरू.

रंकाळ्याचा पूर्ण फेरा अजून एकदाही झालेला नाही. काल नवरा म्हणाला, आता एवढं जमतंय तर रविवारी मारूया की. म्हटलं, रविवारी २५ मिनिटं.