जळकं लाकूड पाण्यातलं मीठ शोषत नाही

परवा किनवटजवळ मावशीकडं गेलो, तर पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बाभळीचा जळका ढलपा तरंगत होता. "फोनवर आलंय की, लाकूड फ्लोराइड ओढून घेतं. सहा दिवस झाले, हेच पितोय." नातवाच्या दातांवर पिवळे पट्टे आहेत, मावशीचे गुडघे आखडलेत. या भागातल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेलं, दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड हे जुनं दुखणं, आणि त्यावर हा इलाज! मेसेज म्हणतो: जळकं लाकूड मीठ आणि फ्लोराइड शोषतं, परदेशात समुद्राचं पाणी असंच गोड करतात, मराठवाड्याचा दुष्काळ यानं संपेल, पण बाटलीवाले हे दडवतात.

शोषतं? साफ खोटं. साधा कोळसा पाण्याचा वास ओढतो, रंग ओढतो. मीठ काय, फ्लोराइड काय, विरघळलेलं असतं, ते तसंच राहतं. 2014 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी पाइनच्या ओल्या फांदीचा तुकडा नळीत बसवून त्यातून पाणी गाळलं. जवळपास सगळे जिवाणू अडकले, पण विरघळलेलं मीठ अशा गाळणीतून आरपार जातं. गाळून जे जमत नाही, ते ढलपा तरंगवून कसं जमेल? मावशी म्हणते, चव सुधारली. अहो, बोअरमधल्या एवढ्याशा फ्लोराइडला चवच नसते! पाणी उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं.

परदेशातलं मात्र अर्धं खरं, मान्य. मेरीलँड विद्यापीठात 2017 साली लाकडाचा वरचा थर करपवून ते पाण्यावर ठेवलं. ज्या नळ्यांतून झाड पाणी वर नेतं, त्यांतूनच ते चढतं, काळा थर उन्हानं तापतो, वाफ होते, मीठ मागं राहतं. ती वाफ तिरप्या काचेवर धरून थेंब पन्हळीत घ्यायचे, तेच गोड पाणी. मेसेजात ना वाफ, ना काच. मावशीच्या पिंपावर तर झाकण होतं.

दुष्काळाचा हिशेब सोपा आहे. साध्या सौर यंत्रातून चौरस मीटरमागं दिवसाला चार-पाच लिटर पाणी निघतं. 2016 साली मिरजेहून लातूरला येणारी पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत 25 लाख लिटर आणायची. तेवढं रोज काढायला किमान सव्वाशे एकर काच लागेल. दडवण्याचं म्हणाल, तर हे सगळं संशोधन उघड छापलेलं आहे.

पिंप मी ओतून दिलं. बोअरच्या पाण्याची बाटली भरून घेतलीय, उद्या तपासायला देतोय. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं, तर ते पाणी धुण्याभांड्यालाच.