तुलना करायची तर शेजारच्या बेटाशी

अमेरिकेत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची एक सोय असते. "आमच्याकडे असं चालत नाही" एवढं म्हटलं की पुण्या-नाशिकचे नातेवाईक गप्प होतात. किंग्स्टनमध्ये राहणाऱ्याला ही सोय नाही. जमैका म्हटलं की लोकांना उसेन बोल्ट आठवतो, थोड्या वयस्करांना मायकेल होल्डिंग. इथल्या सरकारी कारभाराचा दाखला द्यायला गेलं तर समोरचा हसतो. "कर्जात बुडालेला देश ना तो?"

होता. माझं काम हिशेब तपासण्याचं असल्यामुळे ही गोष्ट मला इथल्या समुद्रापेक्षाही जास्त रंजक वाटते. 2012 च्या अखेरीस जमैकाचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 144 टक्के होतं. 2023 मध्ये ते 72 टक्क्यांवर आलं. मध्ये कोविड येऊन गेला, सरकार बदललं, अर्थमंत्री बदलले. तेल सापडलं नाही, कुणी कर्जमाफीही दिली नाही. दहा-अकरा वर्षांत कर्जाचा बोजा निम्मा करणारे देश जगात फार नाहीत.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या जो वाद चालू असतो तो वाचताना मला हेच आठवत राहतं. वाद नेहमीचाच: महाराष्ट्र अजून एक नंबर आहे की गुजरातने मागे टाकलं? वेदांता-फॉक्सकॉन गेल्यापासून, म्हणजे 2022 पासून, तो थांबलेला नाही. एक बाजू स्थूल उत्पन्नाचे आकडे टाकते, दुसरी कारखान्यांची यादी. मग कुणीतरी सिंगापूरच्या रस्त्यांचा व्हिडिओ टाकतो आणि सगळे एकदम एका बाजूला येऊन हळहळतात. मुंबईचं शांघाय करण्याच्या गोष्टी ऐकत आमची पिढी चाळिशी-पन्नाशीला आली.

सिंगापूरचा हा आजार जमैकालाही आहे. साठच्या दशकात दोन्ही बेटं ब्रिटिशांकडून मोकळी झाली, मग ते कुठे आणि आपण कुठे, हा इथल्या वर्तमानपत्रांतला कायमचा विषय. मला त्यातून काही निघताना दिसलेलं नाही. सिंगापूर इतकं दूरचं आणि वेगळं आहे की त्याच्याकडे बघून फक्त उसासा टाकता येतो. शेजारच्या बेटाकडे बघितलं की सबबी संपतात. बार्बाडोसलाही तेच ब्रिटिश कायदे मिळाले, तीच लोकसेवा आयोगाची चौकट, उसाच्या मळ्यांचा आणि गुलामगिरीचा तोच भूतकाळ. तरीही स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं त्याचं दरडोई उत्पन्न जमैकापेक्षा बरंच वेगाने वाढलं. मूळचे जमैकाचेच असलेले अर्थतज्ज्ञ पीटर ब्लेअर हेन्री यांनी 2009 च्या सुमारास नेमकी हीच तुलना मांडली. संस्था सारख्या असताना फरक पडला, तो वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांमुळे, असं त्यांचं म्हणणं.

ही बेटं एकमेकांची शेजारी असली तरी एका घरातली नाहीत, हेही सांगायला हवं. 1958 मध्ये त्यांचं एक संघराज्य झालं होतं. 1961 च्या सार्वमतात जमैकाने बाहेर पडायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ते मोडलं. आपण भांडून एक राज्य मिळवलं त्याच सुमारास हे लोक वेगळे होत होते. एकत्र राहिलं ते क्रिकेट आणि विद्यापीठ. (दिलीप सरदेसाईंनी 1971 मध्ये 212 धावा केल्या त्या इथल्याच साबिना पार्कवर. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना ती खेळी आठवते, मात्र ते फलंदाजाचं नाव गावसकर सांगतात. गावसकर त्या कसोटीत खेळलेच नव्हते, पण मी कधी दुरुस्त केलेलं नाही.)

बार्बाडोसकडून जमैकाने काय घेतलं ते बघण्यासारखं आहे. 1991 मध्ये बार्बाडोसची परकीय गंगाजळी आटली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणत होता की चलनाचं अवमूल्यन करा. 1975 पासून एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर त्यांनी सोडला नव्हता आणि तेव्हाही सोडला नाही. त्याऐवजी सरकारी नोकरांचे पगार आठ टक्क्यांनी कापले. कामगार संघटना अर्थातच रस्त्यावर आल्या. पण 1993 मध्ये सरकार, मालक आणि संघटना असे तिघे एका टेबलाशी बसले, पगार आणि किमतींबद्दल लेखी करार झाला आणि तो त्यांनी पाळला.

वीस वर्षांनी, 2013 मध्ये, जमैकाची वेळ आली. पीटर फिलिप्स अर्थमंत्री होते. व्याज वगळून दरवर्षी देशाच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्के शिल्लक दाखवायची अशी नाणेनिधीची अट होती. ती किती जाचक होती हे हिशेब न कळणाऱ्यालाही कळेल, कारण शाळा, दवाखाने, पोलीस सगळं भागवून वर एवढे पैसे उरवायचे होते. संघटनांनी पगारवाढ गोठवायला मान्यता दिली. त्या बदल्यात त्यांना, उद्योगांना आणि बँकांना एका देखरेख समितीत जागा मिळाली. समितीचे सहअध्यक्ष होते एका विमा कंपनीचे प्रमुख रिचर्ड बाइल्स आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. सरकारने कबूल केलेले आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे ही समिती समोरासमोर ठेवायची आणि जाहीरही करायची. रेडिओवर ते ऐकू येत. टॅक्सीवाल्यालासुद्धा ठाऊक असे की या तिमाहीत सरकार पास झालं की नापास.

2016 मध्ये विरोधी पक्ष सत्तेवर आला. समिती बरखास्त झाली नाही. आपल्याकडे नवं सरकार जुन्याच्या योजनेचं आधी नाव बदलतं, त्यामुळे मला याचंच जास्त अप्रूप.

आणि मग 2018. मिया मॉटली यांनी बार्बाडोसमध्ये तीसपैकी तीस जागा जिंकल्या, तिजोरी उघडली तर कर्ज दीडशे टक्क्यांच्याही वर. काही दिवसांतच त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. सुधारणा कार्यक्रमावर नजर ठेवायला जी समिती नेमली ती जमैकाच्या धर्तीवर. म्हणजे टेबलाची कल्पना पूर्वेकडून पश्चिमेला गेली होती, ती पंचवीस वर्षांनी देखरेखीची जोड घेऊन परत आली.

आता क्रमवारीबद्दल. सरकारी क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराबाबत तज्ज्ञांचं आणि उद्योजकांचं मत काय, याचा ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलचा 2024 चा निर्देशांक घ्या. बार्बाडोसला शंभरपैकी 68, जमैकाला 44, त्रिनिदादला 41, गयानाला 39. (भारताला 38, गयानावर हसू नये.) यावरून बार्बाडोस आदर्श वाटतो. पण याच बार्बाडोसमध्ये 2017-18 मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या रस्त्यावर गटाराचं पाणी वाहत होतं, कचऱ्याच्या गाड्या आणि बस कमी पडत होत्या, आणि तिजोरी फुटायच्या बेतात होती. निर्देशांकात तेव्हाही गुण साठीच्या पुढेच होते. लाच न मागणारा कारकून चांगलाच, पण तो प्रामाणिकपणे बुडणाऱ्या खात्यातही काम करत असू शकतो.

उलट बाजूने जमैका. हिशेबाची वही नीट झाली, लोकांना सेवा देणारी खिडकी तेवढी झाली नाही. राष्ट्रीय जल आयोग जेवढं पाणी सोडतो त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास गळतीत, चोरीत किंवा बिलाशिवाय जातं. 2004 ते 2024 या काळात, 28 लाखांच्या देशात, एकाही वर्षी खुनांचा आकडा हजाराखाली आला नाही. आता 2025 मध्ये तो बराच घसरला, ही अलीकडची आणि मोठी गोष्ट. पगार गोठवल्याची किंमत शिक्षक आणि परिचारिकांनी दिली. त्यातले कितीतरी जण ब्रिटन-कॅनडाला निघून गेले. नाणेनिधीचे लोक जमैकाचं कौतुक करतात तेव्हा ही ओळ हळू आवाजात वाचतात. साध्या अर्जावरही 'जस्टिस ऑफ द पीस'ची सही लागते. आपल्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी जसे हिंडायचो तसंच, आणि आपण तर ते दहा वर्षांपूर्वीच स्वयंसाक्षांकनावर आणलं.

त्रिनिदादची कथा पैशाने सुटत नाही म्हणून उपयोगी. तेल-वायूचा देश, 2007 पासून वेगळा स्थैर्य निधी बाळगणारा. पण पाण्याचे घरगुती दर 1993 नंतर वाढवायची कुठल्याच सरकारची हिंमत झाली नाही, त्यामुळे पाणी ठरावीक दिवशी येतं आणि घरोघरी काळ्या टाक्या दिसतात. मराठवाड्यातल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटणार नाही. गयानात डिसेंबर 2019 मध्ये तेल निघालं, 2022 मध्ये अर्थव्यवस्था साठ टक्क्यांहून अधिक वाढली, आणि जॉर्जटाउनमध्ये वीज जायची ती जातच राहिली. शेवटी 2024 मध्ये वीज बनवणारं जहाज भाड्याने आणून उभं केलं.

महाराष्ट्राची आर्थिक स्थिती या बेटांसारखी नाही. राज्याचं कर्ज स्थूल उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे ग्रुपवर "महाराष्ट्राचं श्रीलंका होणार" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण "आपलं प्रमाण देशात चांगलं आहे, चिंता कशाला" हेही मला पटत नाही. 1991 च्या आधी बार्बाडोसही असंच म्हणत होता.

आपली राज्यंही एकमेकांकडून उचलतात, नाही असं नाही. मध्य प्रदेशने 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, आपण 2015 मध्ये केला. आपली रोजगार हमी 2005 मध्ये साऱ्या देशाची झाली. पण अलीकडे उचललं काय जातं ते बघा. मध्य प्रदेशची लाडली बहना 2023 मध्ये निवडणुकीआधी आली आणि वर्षभरात आपली लाडकी बहीण, तीही निवडणुकीआधी. बायकांच्या हातात दरमहा दीड हजार जाण्याला माझा विरोध नाही. त्या पैशातून कुणाचं औषध, कुणाची फी भरली गेली हे मला गावाकडून कळतं. माझा प्रश्न एवढाच की योजना उचलायला एक वर्ष पुरतं, मग राजस्थानने 2019 मध्ये गावपातळीपर्यंतचा सरकारी खर्च उघड करणारं जनसूचना पोर्टल सुरू केलं, ते आपण का नाही इतक्या तत्परतेने उचललं?

इथून उचलण्यासारखं तर आहेच. जमैकाने पुढे त्या देखरेखीला स्वतंत्र वित्तीय आयोगाचं कायदेशीर रूप दिलं. आपल्याकडे एन. के. सिंह समितीने 2017 मध्ये केंद्रासाठी अशीच वित्तीय परिषद सुचवली होती, ती आजवर झालेली नाही. राज्यात 2005 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे, पण तो पाळला की नाही हे सांगणारे कॅगचे अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात येतात, जेव्हा आमदारांच्या गाड्या सुरू झालेल्या असतात.

उलट दिशेनेही एक गोष्ट आली आहे. जमैकाने 2017 मध्ये आधारसारखं सक्तीचं ओळखपत्र आणलं होतं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये तो कायदा रद्द केला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती ब्रायन साइक्स यांनी भरभरून आधार घेतला तो न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या आधार खटल्यातल्या असहमतीच्या निकालपत्राचा. दिल्लीत जे मत अल्पमतात गेलं ते किंग्स्टनमध्ये एकमताने उभं राहिलं. 2021 मध्ये नवा कायदा झाला आणि त्यात ओळखपत्र ऐच्छिक आहे.

28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळलं. छपरं गेली, दवाखाने गेले. आधीच काढून ठेवलेल्या आपत्ती रोख्यांचे (वादळ ठरलेल्या तीव्रतेचं असेल तरच यातून सरकारला पैसे मिळतात) पंधरा कोटी डॉलर पूर्ण मिळाले. 2024 मध्ये बेरिल वादळाच्या वेळी हवेचा दाब ठरल्याइतका न उतरल्यामुळे त्याच रोख्यांतून छदामही आला नव्हता. नुकसानीच्या मानाने ही रक्कम थोडी आहे आणि नवं कर्ज काढावंच लागेल. बाजारात सध्या वाद आहे तो या कर्जाचा आकडा कोण तपासणार आणि किती दिवसांनी जाहीर करणार, यावर. मासे विकणारी बाईसुद्धा त्यात बोलते.