दहा रुपयांचा रेझिस्टर लावून खंबाटकी घाट चढणार?

‘चेक इंजिनचा दिवा लागला? शोरूमला हजारो घालवू नका,’ असा मेसेज सध्या गाडीवाल्यांत फिरतोय. त्यात चार उपाय आहेत: बिघाडाच्या कोडमध्ये नाव येईल तो सेन्सर बदला, नाहीतर बॅटरी काढून ठेवा, कूलंट टेंपरेचरचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा) कोड असेल तर सेन्सरऐवजी दहा रुपयांचा रेझिस्टर लावा, आणि बीएस-६ गाडी असेल तर धूर साफ करणारी युरियाची सिस्टीमच बंद करून घ्या. फिरायचा तर फिरू दे म्हणून मी गप्प होतो. आता चाकणहून साताऱ्याला कास्टिंग नेणारा माझा भाचाच विचारतोय, ‘‘मामा, किती ओहमचा लावू?’’

कितीचाही नको, बाबा.

कूलंटचा तो सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गार असताना रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त, तापला की कमी. नेहमीच्या सेन्सरला २० अंशाला अडीच किलोओहम, ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास. त्यावरून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पाणी किती तापलं ते ओळखतो. तिथे तीनशेचा रेझिस्टर टाकलात की ईसीयूच्या लेखी पाणी कायम ८० अंशावर. वायर तुटली तर त्याला निदान गडबड कळते. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मग पंखा पूर्ण लावून ठेवतो. रेझिस्टरने तीही सोय गेली. एप्रिलची दुपार, भरलेली गाडी, खंबाटकीची चढण, आत पाणी उकळतंय आणि काटा निवांत मधोमध! इंजिनचं हेड बाकल्यावर बिल कोण भरणार, मेसेज लिहिणारा?

आता सेन्सर बदलायचं. भाच्याच्या गाडीचा कोड होता एसपीएन ११० (म्हणजे कूलंट टेंपरेचर), एफएमआय ३. अशा कोडच्या एसएई जे१९३९-७३ या मानकात सरळ दिलंय: एसपीएन म्हणजे कुठलं सर्किट, एफएमआय म्हणजे कसला बिघाड. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. सेन्सर खराब असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. ईसीयू त्या वायरवर ५ व्होल्ट सोडतो. वायर तुटली किंवा पिन सुटली की ते ५ तसेच राहतात आणि ३ येतो. म्हणून इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर (वायरिंगचा जोड) काढा, गंज बघा, वायरिंगकडच्या दोन्ही पिना छोट्या वायरने जोडा आणि इग्निशन चालू करा. ३ चा ४ झाला तर वायरिंग ठीक, खुशाल सेन्सर घ्या. ३ च राहिला तर वायर शोधा. (हे फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरला. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरवर करायला जाल तर ५ व्होल्टची सप्लायच अर्थला लावाल.) भाच्याचा ३ च राहिला. ब्रॅकेटला घासून वायर तुटली होती. नवा सेन्सर फुकट गेला असता.

बॅटरी काढल्यावर काही कोड जातात, हे कबूल. बिघाड तिथेच असेल तर दिवा परत लागतो, एवढंच. पण बीएस-६ गाडीत इग्निशन बंद केल्यावरही युरियाचा पंप थोडा वेळ चालतो, लाइन रिकामी करतो. तेवढ्यात बॅटरीचा कटऑफ काढलात तर युरिया आत राहून त्याचे खडे होतात, म्हणजे एका कोडचे दोन.

आणि युरियाची सिस्टीम बंद करणं? ते बेकायदा आहे. त्यावर भाच्याशीही मी वाद घातला नाही, नुसतं नाही म्हटलं.