"बाकीच्या दोघी नुसत्या झील धरायला"? थांब भो, आधी मोजून तर बघ

गेल्या महिनाभरात एक पोस्ट मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवली, त्यातले दोघं तर कॉलेज रोडचेच, म्हणजे नाशिकमध्ये असलं म्युझिक ऐकणारे आम्ही जे मूठभर आहोत त्यातले निम्मे तिथेच आले. पोस्ट बॉयजिनियस या तीन अमेरिकन गायिकांच्या बँडच्या 'द रेकॉर्ड' अल्बमबद्दल आहे. थोडक्यात म्हणणं असं: हा खरा फीबी ब्रिजर्सचा सोलो अल्बम, ज्युलियन बेकर आणि लूसी डेकस फक्त झील धरायला, क्रिटिक लोकांनी डोळे मिटून डोक्यावर घेतला, ग्रॅमी मिळाले तेही रॉकचे म्हणजे फोक ही नुसती पाटी, मोठ्या लेबलवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून, आला म्हणजे इंडी (छोट्या स्वतंत्र कंपनीचा) पण नाही, आणि ऐकणार कोण तर ब्रेकअप झालेल्या पोरी.

झील धरायला हा शब्द मला आवडला खरं तर. पोवाड्यात शाहीर पुढे आणि मागे झीलकरी जी जी रं जी, चित्र डोळ्यासमोर येतं एकदम. फक्त ते या अल्बमचं चित्र नाही.

मोजूया का? बारा गाणी आहेत. फीबी मुख्य आवाजात आहे ती तीन: एमिली आय एम सॉरी, रेव्होल्यूशन झीरो आणि शेवटचं लेटर टू अॅन ओल्ड पोएट. लूसीची पण तीनच, ट्रू ब्लू, लेनर्ड कोहेन, वी आर इन लव्ह. ज्युलियनची ट्वेंटी डॉलर्स आणि अँटी कर्स. उरली चार, त्यात तिघी सारख्या वाटून गातात, कूल अबाउट इटमध्ये तर एकेकीला एकेक कडवं, आधी ज्युलियन मग लूसी मग फीबी, म्हणजे जिचा सोलो म्हणता ती रांगेत शेवटी. आणि ट्वेंटी डॉलर्सच्या शेवटी मागे जी घसा फोडून किंचाळते ना, ती फीबी. ज्युलियनच्या गाण्यात. आता सांगा झील कोण धरतंय. अजून एक, 18 जानेवारी 2023 ला अल्बम जाहीर केला तेव्हा एकदम तीन गाणी सोडली होती, तिघींची एकेक, आणि हे सगळं पोस्ट लिहिणाऱ्याला दहा मिनिटांत कळलं असतं, पण असो.

तो गैरसमज येतो कुठून ते मला कळतं. 2020 ला फीबीचा स्वतःचा पनिशर अल्बम आला आणि ती बाकी दोघींपेक्षा बरीच जास्त फेमस झाली, मग नाव तिचंच पुढे येतं. पण त्याच अल्बममधल्या ग्रेसलँड टू मध्ये मागे ज्युलियन आणि लूसी आहेत, नंतर ज्युलियनच्या फेवर या गाण्यात फीबी आणि लूसी, मग लूसीच्या होम व्हिडिओ अल्बममध्ये बाकीच्या दोघी. एकमेकींच्या शेतावर इर्जिकीला जातात तसं चाललंय हे. आज तुझं, उद्या माझं.

आता खरी गंमत सांगतो. आम्ही पाच जण गंगापूर रोडला माझ्या घरी अल्बम सलग ऐकायला बसलो होतो, आणि माझी आत्या आली होती निफाडहून, ती तिथेच बसून मेथी निवडत होती. पहिलं गाणं विदाउट यू विदाउट देम, त्यात वाद्य एक पण नाही, नुसते तीन आवाज, मिनिटभरात संपतं. आत्याने मान वर केली आणि विचारलं, "बहिणी का रे तिघी?" मी म्हटलं नाही, मैत्रिणी. ती म्हणाली जात्यावर असंच व्हायचं, समोरासमोर दोघी बसायच्या, खुंटा एकच, एकीने ओवीची ओळ टाकली की दुसरी ती तोंडातून काढून घ्यायची, दळण संपेपर्यंत कोणाचा दम कुठे तुटला ते कळायचं नाही. आणि ओवी कोणाची असं कोणी विचारत पण नव्हतं. हे तिला इंग्रजीचा एक शब्द न कळता कळलं राव! (चौथ्या गाण्याला मात्र "आता हे रडगाणं पुरे" म्हणत मेथी घेऊन आत गेली, ते पण सांगायला पाहिजे नाहीतर आत्याला मी उगाच क्रिटिक केल्यासारखं होईल.)

माझ्यासाठी या अल्बमचं कोलॅबरेशन तिथे आहे, आवाज कुठे जोडलाय ते न दिसण्यात. नॉट स्ट्राँग इनफ ऐका, फीबी सुरू करते, दुसरं कडवं ज्युलियनचं, आणि मध्ये लूसी एकच ओळ धरून बसते, कायम देवदूतच, देव कधीच नाही, अशा अर्थाची, ती ओळ परत परत येते आणि खालून बाकीचे आवाज चढत जातात. सोलो आर्टिस्टच्या मागे कोरस लावला की असं होत नाही, तिथे कोरस मिक्समध्ये मागेच राहतो.

क्रिटिकनी डोळे मिटून घेतला याबद्दल. रिव्ह्यू बहुतेक चांगले आले, खरंय. अल्बम यायच्या आधीच जानेवारीत रोलिंग स्टोन मासिकावर निर्वाणा बँडच्या 1994 च्या कव्हरची नक्कल करून सूट टाय घालून फोटो, म्हणजे हवा केली होतीच, नाही कोण म्हणतं. पण हवा केली म्हणून माल खराब हे कुठलं लॉजिक? माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे, तिघी एकमेकींशी इतक्या गोड वागतात की मधली दोनतीन गाणी फार सांभाळून सांभाळून जातात, कोणीतरी कोणाला म्हणायला पाहिजे होतं की बाई ही ओळ काढ. लेनर्ड कोहेन मला अजून पण आपापसातला जोक वाटतो, बाहेरच्याला दारात उभं करणारा. तिघींची 2018 ची सहा गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, चार दिवसांत उरकली होती, तिच्यात तो खडबडीतपणा होता, मला ती थोडी जास्त आवडते. पोस्टवाल्याने हे लिहिलं असतं तर मी पण लाइक केलं असतं.

ग्रॅमी. 2024 ला तीन मिळाले, बेस्ट रॉक साँग आणि बेस्ट रॉक परफॉर्मन्स नॉट स्ट्राँग इनफला, आणि अल्बमला बेस्ट अल्टरनेटिव्ह. फोकचा एक पण नाही, बरोबर. पण कॅटेगरी गाण्यावर ठरते, ते गाणं रॉकच आहे, म्हणून कूल अबाउट इट फोक असायचं थांबतं का? मिसळीत फरसाण आहे म्हणून तिला कोणी चिवडा म्हणत नाही. त्या रात्री फीबीला एकूण चार मिळाले हे पण पोस्टमध्ये पुरावा म्हणून टाकलंय, पण चौथा सिझा या गायिकेच्या गाण्यात गायली म्हणून होता, त्याचा या बँडशी संबंध नाही. आणि त्याच दिवशी आपल्याकडे सगळ्या चॅनलवर शक्ती बँडचा ग्रॅमी होता, झाकीरभाई (हुसेन), शंकर महादेवन. झाकीरभाईंना पण त्या दिवशी एकूण तीन मिळाले, तेव्हा कोणी म्हणालं का की शक्ती म्हणजे झाकीरभाईंचा सोलो? मग तीन पोरी एकत्र आल्या की लगेच मालकीण कोण हे का शोधायचं?

लेबलचा मुद्दा मान्य. ईपी मॅटाडोर या छोट्या लेबलवर होती, अल्बम इंटरस्कोपवर, आणि इंटरस्कोप म्हणजे युनिव्हर्सल ही मोठी कंपनीच. पैशाच्या हिशोबात इंडी नाहीच. इंडी हा शब्द आता आवाजाच्या चवीसाठी वापरतात, चुकीचं असेल, पण मग सगळ्यांनाच लावा तो नियम.

आणि ऐकणाऱ्या फक्त रडक्या पोरी, हे जरा जास्तच झालं. यूकेच्या अल्बम चार्टवर एक नंबर, अमेरिकेत बिलबोर्ड 200 या अल्बमच्या यादीत चौथा, एवढ्या सगळ्यांचं ब्रेकअप एकाच आठवड्यात झालं का? आमच्या खोलीत त्या दिवशी एक सीएची आर्टिकलशिप करणारी, एक द्राक्षाच्या औषधांचं दुकान चालवणारा, दोघं सातपूरला कंपनीत आणि मी. रडलं कोण तर औषधवाला. शेवटच्या गाण्याला, जिथे जुन्या ईपीतल्या मी अँड माय डॉगची चाल परत येते आणि शब्द बदललेले असतात. तो म्हणे डोळ्यात काहीतरी गेलं. खिडक्या बंद होत्या.

मग मीच एक खेळ काढला, स्क्रीन उलटी ठेवून याच अल्बममधलं सेटनिस्ट हे गाणं लावलं आणि म्हटलं कोण कधी गातंय ते सांगा. पाचात एकाला पण पूर्ण बरोबर जमलं नाही, मला तर दोनदा चुकलं आणि मी हा अल्बम किती वेळा ऐकलाय ते सांगण्यासारखं नाही. ज्याने ती पोस्ट लिहिली त्याने या रविवारी यावं, स्क्रीन उलटी, तीन आवाज ओळखायचे. चुकला तर मिसळ त्याच्याकडून, पाच प्लेट, एक्स्ट्रा पाव धरून.