टीडीएसचा आकडा आणि न शिजणारी डाळ

काल बाणेरच्या कट्ट्यावर वाद पेटला तो संज्याच्या टीडीएस मीटरवरून, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्रावरून. नळाचं पाणी ६२० दाखवतंय, म्हणजे अख्ख्या सोसायटीला आरओ बसवा, हा त्याचा हेका.

"अरे, पाण्यातून वीज किती वाहते एवढंच तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो," मेधा म्हणाली. "त्यात कॅल्शियम किती, साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. जंतू तर नाहीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली, तेव्हा या मीटरचा काय उपयोग होता? तिथे क्लोरीन बघावं लागतं. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवंच."

"मग डाळ का शिजत नाही?" संज्याने विचारलं.

"पाणी जड आहे म्हणून, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना जोडून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, घट्ट धरतं, दाणा मऊच पडत नाही. जडपणा मोजायचं हार्डनेस किट आण. नमुन्यात आधी बफर, मग रंग दाखवणारा इंडिकेटर. पाणी लालसर झालं की किटमधलं ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं द्रावण, थेंबाथेंबाने टाक आणि हलवत राहा. जांभळ्यावर थांबलास तर आकडा कमी येईल, स्वच्छ निळं होऊ दे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात."

नंदूला पटेना. "खडकवासल्याचं पाणी कधीपासून जड झालं?"

"ते नाहीच जड. घाटातला पाऊस वाहत थेट धरणात येतो. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत, खनिजं विरघळवत येतं. खालच्या टाकीत कॉर्पोरेशन, बोअर, टँकर सगळं एक होतं आणि मे महिन्यात बोअर-टँकरच जास्त. म्हणून तिन्ही नमुने टाकीत पडण्याआधी वेगवेगळे घ्यायचे."

"म्हणजे सॉफ्टनर," संज्या म्हणाला. "टीडीएसही उतरेल."

"नाही उतरणार! सॉफ्टनरमधले रेझिनचे दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. हिशेब कर. जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम, दिवसाला १०,००० लिटर, म्हणजे ४ किलो जडपणा. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं. १०० लिटरचं रेझिन साडेबारा हजार लिटरला संपलं. मग ते पुन्हा ताजं करायला १२ ते १६ किलो जाड मीठ, बिनआयोडीनचं. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमन वार बघून मीठ टाकतो. उन्हाळ्यात जडपणा वाढला की रेझिन आधीच संपतं आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. सॉफ्टनरनंतरच्या नळाला आठवड्यातून एकदा तरी किट लावायला नको?"

आता नंदू सरसावला. "आणि बीपीवाल्यांचं काय? ४०० चा जडपणा काढला की लिटरमागे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. किचनची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. तिथे प्यायला आणि डाळीला छोटा आरओ पुरे. अंघोळीला, संडासाला आरओ लावून निम्मं पाणी गटारात घालवणं हा पुण्यात गुन्हाच आहे."

हे मेधालाही मान्य झालं. संज्या मात्र अडला, "जुन्या बिल्डिंगमध्ये वेगळी लाइन काढायची कुठून?"

"डक्टमधून. प्लंबरला दाखव," नंदू म्हणाला. "पण आधी नमुने. आणि गुरुवारी पाणी बंद असेल तर शुक्रवारचं पहिलं गढूळ पाणी बाटलीत भरू नकोस, शनिवारी भर."