ईम गाव सैनिकांनी कोंडलं नव्हतं

'इंग्लंडमधल्या ईम गावाला राजाच्या सैनिकांनी कोंडलं, सगळे प्लेगने मेले, गाव आजही ओसाड आहे' असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला प्लेग तेवढा खरा आहे.

डर्बीशायरच्या डोंगराळ भागातल्या या गावात सप्टेंबर 1665 मध्ये रोग शिरला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तो आला, असं मानतात. पहिला बळी त्या शिंप्याच्या हाताखालचा जॉर्ज व्हिकर्स. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी वेस न ओलांडण्याची विनंती केली. या दोघांची धर्ममतं वेगळी होती, तरी या कामात ते एकत्र उभे राहिले. आणि गावाने ऐकलं! पहाऱ्याला कोणी सैनिक नव्हते. डेव्हनशायरचे अर्ल, म्हणजे तिथले सरदार, अन्न पाठवत. गावकरी सीमेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवत, म्हणजे पैशातून रोग बाहेर जाऊ नये. प्रार्थना उघड्यावर, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहून.

एलिझाबेथ हँकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. ती जगली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली. ते स्वतः वाचले. एकूण मृतांचा आकडा साधारण 260 सांगतात, पण वाचलेलेही होते, म्हणजे गाव संपलं नाही.

आजही ईममध्ये लोक राहतात, आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मृतांचं स्मरण करतात. त्यांनी स्वेच्छेने केलेल्या त्यागाचं श्रेय सैनिकांच्या बंदुकांना देऊ नका. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.